सहाव्या वॉर्डाची सतरा मतं

"मोजलाय ना? मग वाढा."

आर्डिस नायगार्डचं हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस टॅमरॅक काउंटीत शोधून सापडायचा नाही. तुरुंगाच्या स्वयंपाकघरात तिनं एकतीस वर्षं काढली आणि या एकतीस वर्षांत दिवसातून तीनदा ती हे बोलली. तुरुंगात आधी मोजणी होते. एकेका बराकीतली डोकी मोजतात, आकडा जुळला की भोंगा वाजतो, आणि भोंगा वाजेपर्यंत पातेल्यातली पळी हलत नाही. आकडा तेराशे अकरा आला की ताटं तेराशे अकरा. एखादा पहारेकरी म्हणायचा, "अगं, तो कोपऱ्यातल्या कोठडीतला रुसून बसलाय. खाणार नाही. कशाला वाया घालवतेस?"

आर्डिस मान वर न करता विचारायची, "मोजलाय ना?"

"मोजलाय."

"मग वाढा."

इतकी साधी गोष्ट होती. पुढे हीच साधी गोष्ट तिनं काउंटीच्या मंडळापुढे नेऊन ठेवली आणि आठ प्रतिष्ठित माणसांना भर जूनमध्ये घाम फुटला. त्या दिवशी सभेचं इतिवृत्त लिहीत होती जोलीन ब्रँट. ती काउंटीची सचिव. मतपत्रिका छापायच्या, मतं मोजायची आणि मंडळात कोण काय बरळलं ते सभ्य भाषेत उतरवून ठेवायचं, हे तिचं काम. आर्डिसला ती लहानपणापासून ओळखत होती. तरी तिला आर्डिस खरी कळली ती त्या दोन वर्षांत.

आर्डिसचा जन्म दलदलीच्या पलीकडच्या गोठ्याच्या घरातला. वसंतात तिथे क्रौंच उतरतात आणि त्यांच्या ओरडण्यानं सकाळ उघडते. ते ऐकत ती वाढली, त्यांच्याआधी उठून धारा काढायला शिकली. बाप गेला, गाई गेल्या, गोठ्याच्या जागी मक्याचं शेत आलं. नवरा नॉर्बर्ट हरणांच्या मोसमात झाडावरच्या मचाणावर बसला आणि बसल्या जागीच गेला. संध्याकाळपर्यंत खालून जाणारे शिकारी त्याला हात करत होते आणि हा उत्तर देत नाही म्हणून चिडत होते. नॉर्बर्ट तसाही कमीच बोलायचा. आर्डिसनं त्याची लाल टोपी खुंटीवर ठेवली आणि दुसऱ्या आठवड्यात कामावर गेली, कारण मोजणी काही थांबत नाही.

तिचं घर खाणीच्या रस्त्यावर, तुरुंगाच्या फाटकापासून अर्ध्या मैलावर. हा सगळा भाग काउंटीच्या सहाव्या वॉर्डात येतो. या वॉर्डाचं वर्णन करायला खरं तर जरा दम लागतो. दर दहा वर्षांनी जनगणना होते, तीत माणूस जिथे झोपतो तिथला धरतात. कैदी तुरुंगात झोपतो, म्हणून तो सहाव्या वॉर्डाचा. कागदावर वॉर्डाची वस्ती तेराशे पस्तीस. त्यातले तेराशे अकरा भिंतीच्या आत, त्यांना मत नाही. बाहेर उरली चोवीस माणसं. त्यातली सात शाळेत जाणारी. म्हणजे मतदार सतरा. बाकीच्या आठ वॉर्डांत प्रत्येकी तेराशे-साडेतेराशे हिंडतीफिरती माणसं मिळून एक प्रतिनिधी निवडतात. सहाव्या वॉर्डात तेच पुण्य सतराजण पदरी पाडून घेतात. सगळ्या वॉर्डांची वस्ती अगदी समसमान आहे, असं मंडळ अभिमानानं सांगतं, आणि ते खोटं नाही.

याची आणखी एक गंमत होती. निवडणुकीला उभं राहायचं तर वॉर्डातल्या वीस मतदारांच्या सह्या लागतात. सतरांत वीस सह्या कुठून आणायच्या? त्यामुळे सहाव्या वॉर्डाच्या मतपत्रिकेवर कधीच कुणाचं नाव छापलेलं नसे. नुसती एक कोरी ओळ. मतदारानं हवं ते नाव आपल्या हातानं लिहायचं. वीस वर्षं त्या ओळीवर मर्ल स्टकीचं नाव येत होतं. मर्लचं तळ्याकाठी गळ, दोऱ्या आणि जिवंत अळ्यांचं दुकान. एक मत तो स्वतःला द्यायचा, एक त्याची बायको आर्लीन द्यायची, आणि अळ्या उधार नेणारा एखादा गिऱ्हाईक तिसरं द्यायचा. या प्रचंड लाटेवर बसून मर्ल मंडळात जायचा. वीस वर्षांत तो सभेत दोनदा बोलला. एकदा खिडकी उघडा म्हणाला, एकदा लावा म्हणाला. जोलीननं दोन्ही वेळा ते इतिवृत्तात घेतलं, कारण मर्लच्या नावापुढे काहीतरी लिहायला हवं होतं.

हे असंच चाललं असतं. पण आर्डिस निवृत्त होऊन घरी बसली, आणि घरी बसलेल्या माणसाला खिडकीतून रस्ता दिसतो.

दर शनिवारी मिलवॉकीहून एक बस यायची. आया, बायका, लेकरं घेऊन चार तासांचा रस्ता कापून साडेआठला फाटकाशी पोचायची. चालक त्यांना उतरवून हमरस्त्यावर डिझेल भरायला निघून जायचा. आतली मोजणी जुळल्याशिवाय फाटक उघडत नाही. मोजणी कधी साडेनऊला जुळायची, कधी अकराला. तोवर सगळी माणसं रस्त्याकडेला उभी. जानेवारीत आमच्याकडे नाकातला श्वास नाकातच गोठतो. अशा सकाळी आर्डिस थर्मास भरून फाटकाशी जायची आणि कागदी पेल्यांतून कॉफी द्यायची. तिथेच तिची ओडेसा पेटवेशी ओळख झाली. ओडेसा सत्तरीची, तिचा धाकटा मुलगा आत. ती चर्चला जावं तशी ठेवणीतली टोपी आणि पातळ बूट घालून यायची, कारण पोराला आई नीटनेटकी दिसली पाहिजे.

त्या जानेवारीत मोजणी तीनदा चुकली. फाटक बारा वाजता उघडलं.

"मिस ओडेसा, पाय बघू जरा," आर्डिस म्हणाली.

"पाय आहे तिथेच आहे, मिस आर्डिस. मला जाणवत नाही एवढंच."

"बस इथे. बूट काढ."

"आणि भेटीची वेळ गेली म्हणजे? पोरगं वाट बघत असेल. आधी त्याला बघते, मग पायाला बघू."

ती आधी पोराला भेटली. मग दवाखान्यात तिच्या उजव्या पायाची थंडीनं गेलेली दोन बोटं काढली. पुढच्या महिन्यात ती काठी टेकत पुन्हा आली आणि आर्डिसला म्हणाली, "आठ राहिलीत. पोराची शिक्षा अजून नऊ वर्षं आहे. वर्षाला एक धरलं तरी पुरत नाहीत बघ."

आर्डिस हसली नाही. तिला हवं होतं ते फार नव्हतं. फाटकाशी चार भिंती, वर छप्पर, आत एक शेगडी. तिनं तुरुंगाला विचारलं. तुरुंग म्हणाला, रस्त्याची कड काउंटीची. शुक्रवारी संध्याकाळी मद्यालयात सगळं गाव तळलेले मासे खायला जमतं, तिथे तिनं मर्लला गाठलं. जोलीन शेजारच्याच टेबलावर होती.

"मर्ल, काउंटीचा नियम आहे, हजार रहिवाशांमागे रस्त्याकडेला एक निवारा. आपल्या वॉर्डाचा कधी झालाच नाही."

मर्लनं माशाच्या तुकड्यावर लिंबू पिळलं. "निवारा कुणासाठी? तिथे माझा एक मतदार उभा राहत नाही."

"तुझ्या वॉर्डात तेराशे पस्तीस माणसं आहेत, म्हणून तुला खुर्ची आहे."

"मला खुर्ची आहे कारण आर्लीन मला मत देते."

"मी देतेच," आर्लीन तोंडात घास असताना म्हणाली. "नाहीतर मंगळवारी सभेच्या वेळी हा घरात बसेल."

"आर्डिस, तू चांगली बाई आहेस," मर्ल म्हणाला. "पण ती माणसं इथली नाहीत."

"मग मोजता कशाला?"

"मोजायला काय जातं?" असं म्हणून मर्लनं कोबीच्या कोशिंबिरीची वाटी पुढे ओढली. लोकशाहीबद्दल एवढं स्वच्छ बोलणं जोलीननं तोवर ऐकलं नव्हतं.

फेब्रुवारीत मर्ल आणि आर्लीन नेहमीप्रमाणे ॲरिझोनाला ऊन खायला गेले. त्यांची मतं टपालानं आली. एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी निवडणूक झाली. अंगणात बर्फाचे काळपट ढीग होते, सहाव्या वॉर्डातून सतरांपैकी सहा मतं पडली, आणि जोलीन दोन मोजणीदारांना घेऊन टेबलाशी बसली.

पहिल्या मतपत्रिकेवर आर्डिस नायगार्ड. दुसरीवर आर्डिस नायगार्ड. एक तिनं स्वतः दिलेलं आणि दुसरं बहुतेक शेजारच्या एल्मर जॅस्परसनचं, कारण त्याच्या दारातलं बर्फ तीच उपसायची. तिसरीवर कुणीतरी फुटबॉलच्या कोचचं नाव घातलं होतं, त्यात दरवर्षीप्रमाणे स्पेलिंगची चूक. चौथी उघडली. त्या कोऱ्या ओळीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, "स्वतः".

"हा मर्ल," एक मोजणीदार म्हणाला.

"कशावरून? मत गुप्त असतं."

"अगं, स्वतःला मत देणारा दुसरा आहे कोण या वॉर्डात?"

"सतराजणांपैकी प्रत्येकाला स्वतः आहे," जोलीन म्हणाली. "कुणाचा धरू?"

पाचवी उघडली. "माझा नवरा." सहावीवर नुसतं, "नेहमीचाच".

तिघांनी ते तीन कागद शेजारी शेजारी मांडले. वीस वर्षं एकच नाव लिहून मर्लला, त्याच्या बायकोला आणि त्याच्या गिऱ्हाइकाला ते नाव लिहायचाही कंटाळा आला होता. ज्या खुर्चीला दुसरा दावेदारच नाही तिथे नाव कशाला हवं? जोलीननं कायद्याचं पुस्तक काढलं. पुस्तकात लिहिलं होतं, मतदाराचा हेतू कळला पाहिजे. हेतू तर तळ्याच्या तळासारखा स्वच्छ दिसत होता. नाव मात्र नव्हतं, आणि वॉर्डात नवरे पाच होते. तीन मतं बाद झाली. आर्डिस नायगार्ड दोन मतांवर निवडून आली.

संध्याकाळी ॲरिझोनाहून फोन.

"जोलीन, ते माझंच अक्षर आहे!"

"मत गुप्त असतं, मर्ल."

"मी सांगतोय ना तुला!"

"तुम्ही सांगितल्यावर ते गुप्त कसं राहील? आणि आर्लीनचा हेतू काय होता ते मी तिच्या नवऱ्याकडून ऐकू?"

मागून आर्लीनचा आवाज आला, "मी नाव लिहिणार होते, पण यांच्या मधल्या नावात एक एल की दोन, ते आठवेना."

आर्डिसला निकाल कळला तेव्हा ती केळ्याचा गोड पाव भाजत होती. ती म्हणाली, "दोन मतं? बरीच झाली." मग भट्टीचं दार लावत, "जोलीन, तेराशे पस्तीस माणसांची मी प्रतिनिधी. हे कागदावर आहे ना गं?"

"कागदावर तर आहेच."

"मग बरं."

जूनच्या सभेत तिनं ठराव मांडला. सहाव्या वॉर्डाची वस्ती हजाराच्या वर, सबब नियमाप्रमाणे तुरुंगाच्या फाटकाशी एक निवारा बांधावा. मंडळाचा अध्यक्ष गेलॉर्ड फेन्स्के. तो शेतीकडच्या पाचव्या वॉर्डाचा, आवाज गोड, चर्चमध्ये दानपेटी फिरवणारा. त्यानं चष्मा काढून पुसला.

"आर्डिसबाई, तुमचं मन मोठं आहे. पण रहिवासी म्हणजे कसं, तो गावात राहतो, दुकानात जातो, चर्चला येतो. आतली मंडळी आपली पाहुणी आहेत."

"वीस-वीस वर्षांचे पाहुणे?"

"तरी पाहुणेच."

"ठीक," आर्डिस म्हणाली. "मग माझा दुसरा ठराव घ्या. पाहुण्यांना वस्तीत मोजू नये. नकाशा नव्यानं आखावा."

सभागृहात अशी शांतता पसरली की वरचा पंखा कुरकुरतो हे सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं. तेराशे अकरा माणसं वजा झाली तर सहावा वॉर्ड पुसला जाणार. तो पुसला की उरलेल्या सगळ्या रेषा सरकणार. शेतीकडे पाच जागा होत्या आणि गावाकडे चार. त्या उलट होणार. पाचव्या वॉर्डाची रेषा तर फेन्स्केच्या धान्याच्या कोठारातून जाणार होती आणि तो स्वतः पलीकडच्या वॉर्डात पडणार होता, जिथे त्याचा मेहुणा आधीच निवडून आलेला होता. पण गावाकडच्या चौघांनाही घाई नव्हती. रेषा हलली की कुणाच्या पायाखालून जाईल सांगता येत नाही, आणि निवडून आलेल्या माणसाला सर्वांत जास्त भीती असते ती अनोळखी मतदाराची.

फेन्स्के खाकरला. "घाई नको. कायदा म्हणतो, माणूस झोपतो तिथला रहिवासी. कायद्यापुढे मी कोण? आतली मंडळी रहिवासी आहेत. हात वर करा."

नऊ हात वर झाले. नववा आर्डिसचा.

"छान," ती म्हणाली. "रहिवासी आहेत. आता निवाऱ्याचा ठराव पुन्हा घ्या."

पुन्हा पंखा ऐकू येऊ लागला. मग फेन्स्केला सुचलं. चाळीस वर्षांच्या राजकारणात माणसाला असं एकदाच सुचतं. "निवारा रस्त्यावरच्या रहिवाशांसाठी असतो. आणि रस्त्याच्या बाबतीत रहिवासी म्हणजे, जो रस्त्यावर येऊ शकतो तो."

आठ विरुद्ध एक. जोलीननं लिहिलं: सात वाजून दहा मिनिटांनी कैदी रहिवासी असल्याचं एकमतानं ठरलं, सात वाजून सतरा मिनिटांनी ते रहिवासी नसल्याचं बहुमतानं ठरलं. तिनं हे दोनदा वाचून पाहिलं. शाईत काही चूक नव्हती.

बाहेर पायऱ्यांवर आर्डिस बसून होती. दूर दलदलीवर धुकं उतरत होतं.

"घरी सोडू?" जोलीननं विचारलं.

"हिवाळा यायला पाच महिने आहेत," आर्डिस म्हणाली. "जोलीन, मतदानाला मला नऊ मैल गावात का यावं लागतं गं?"

"कारण तुमच्या वॉर्डात केंद्र नाही. सतरा मतांसाठी कोण बांधणार?"

"सतरांसाठी नको. नियम काय आहे?"

जोलीननं नियम सांगितला. सांगता सांगता तिचा आवाज हळू होत गेला. दर वॉर्डात मतदानाची एक खोली असावी. वॉर्डातली बहुतेक वस्ती जिथे आहे त्याच्या जास्तीत जास्त जवळ असावी. खोलीला छप्पर, बाकं आणि एप्रिलच्या थंडीसाठी शेगडी असावी.

"बहुतेक वस्ती कुठे आहे म्हणालीस?"

"मी काही म्हणाले नाही," जोलीन म्हणाली आणि गाडीची किल्ली शोधू लागली.

जुलैच्या सभेत आर्डिसनं मतदानाच्या खोलीचा ठराव आणला. गावातल्या वर्तमानपत्राचा बातमीदार त्या दिवशी पहिल्या रांगेत बसलेला होता. तो का आला होता ते जोलीनला विचारू नये. मतदानाची सोय नको असं वर्तमानपत्रासमोर म्हणणारा माणूस या देशात अजून जन्माला यायचाय. सोय न करणारे मात्र भरपूर जन्मले आहेत. फेन्स्के उठून उभा राहिला. मतपेटीसाठी या भूमीच्या मुलांनी परक्या किनाऱ्यांवर रक्त सांडलं, असं तो म्हणाला. त्याचा कंठ दाटून आला. मग ती खोली कुठे बांधायची ते त्यानं वाचलं, आणि दाटलेला कंठ तसाच राहिला.

"तुरुंगाच्या फाटकाशी?" तो म्हणाला.

"बहुतेक वस्तीच्या जवळ," आर्डिस म्हणाली. "तुम्हीच ठरवलंत, एकमतानं. मी पण हात वर केला होता."

"पण ते मत देऊ शकत नाहीत!"

"मी कुठे म्हणतेय द्यावं? नियमात जवळ एवढंच आहे."

नऊ विरुद्ध शून्य. खोली वर्षातून दोन-तीन दिवस लागणार, इतर दिवशी ती बंद ठेवावी, असं काही ठरावात नव्हतं. फेन्स्केच्या ते लक्षात आलं नाही. जोलीनच्या आलं. तिनं पेन टोपणात घातलं आणि पाणी प्यायली.

ऑक्टोबर संपताना खोली उभी राहिली. पांढऱ्या फळ्यांची, लाल दाराची, भिंतीवर झेंडा, कोपऱ्यात लाकडाची शेगडी, चार लांब बाकं. दारावर पाटी: "मतदान कक्ष, वॉर्ड सहा". किल्ली वॉर्डाच्या प्रतिनिधीकडे. शनिवारी पहाटे आर्डिस जाऊन शेगडी पेटवायची. साडेआठला बस आली की पन्नासेक बाया-लेकरं मतदान कक्षात शिरायची, ज्यांच्यापैकी एकीचंही मत त्या वॉर्डात नव्हतं, आणि झेंड्याखाली बसून ज्यांना मतच नाही त्यांना भेटायची वाट बघायची. देशात इतकं गजबजलेलं मतदान केंद्र दुसरं नसेल.

ओडेसानं पहिल्या दिवशी बूट काढून पाय शेगडीकडे केले. "मिस आर्डिस, माझी आजी अलाबामात मत द्यायला गेली होती तेव्हा तिला काळी म्हणून दारातून हाकललं. तिला सांगायला हवं होतं, नात मतदान कक्षात पाय शेकत बसली म्हणून."

"मत द्यायचं तर मिलवॉकीत दे," आर्डिस म्हणाली. "इथे नुसती ऊब मिळेल."

"मिलवॉकीत मत देते मी. ऊब नाही मिळत."

आणि त्या बायका बोलू लागल्या. कुणाच्या पोराची दाढ चार महिने ठणकत होती, कुणाच्या नवऱ्याचा चष्मा फुटला होता. आर्डिस मागच्या निवडणुकीतल्या उरलेल्या मतपत्रिकांच्या पाठीवर ते लिहून घ्यायची आणि काउंटीच्या कागदावर तुरुंगाला पत्र पाठवायची: माझ्या वॉर्डातल्या अमुक रहिवाशाची दाढ दुखते आहे. तुरुंगाच्या साहेबाला निवडून आलेल्या माणसाचं पत्र आलं की उत्तर द्यावंच लागे. दोन वर्षांत एकोणीस दाढा उपटल्या गेल्या. मंडळाचं त्या दोन वर्षांतलं एवढंच भरीव काम.

मग पुन्हा एप्रिल आला. या खेपेला मर्ल ॲरिझोनाहून आठ दिवस आधी परतला. दारोदार हिंडला. सहा दारं होती, त्यामुळे दमला नाही. "खोली मतदानासाठी आहे, धर्मशाळा नाही," असं त्यानं सांगितलं, आणि प्रत्येक दारात आपलं पूर्ण नाव छापलेली चिठ्ठी ठेवली. सतरांपैकी नऊ मतं पडली. वॉर्डाच्या इतिहासातला तो उच्चांक होता. आर्डिसला चार, मर्लला पाच, आणि पाचही चिठ्ठ्यांवर नाव जसंच्या तसं. आत तेराशे अकरा माणसं होती. त्यातल्या किती जणांनी कुणाला मत दिलं असतं हा प्रश्न नियमात बसत नव्हता, म्हणून जोलीननं तो मनातही मोजला नाही. निदान तसा प्रयत्न केला.

"चार," आर्डिस निकाल ऐकून म्हणाली. "दुप्पट झाली की मतं." पण फोन खाली ठेवायला तिला वेळ लागला. "ओडेसाला काय सांगू गं?"

किल्ली सोपवायचा दिवस मर्लनंच ठरवला, आणि त्यानं शनिवार निवडला. कुलूप लावायचं ते सगळ्यांच्या देखत, म्हणजे पुन्हा सांगायला नको. जोलीनला कागदावर सही घ्यायची होती म्हणून ती गाडी घेऊन आली. वारा बोचरा होता, बर्फाचा चुरा रस्त्यावरून सरपटत होता. बस येऊन गेलेली. खोलीच्या धुराड्यातून धूर निघत होता. मर्ल दारात उभा, हातात नवंकोरं पितळी कुलूप.

आर्डिसनं किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. सही केली.

मर्लनं दार ढकललं. आत पन्नास डोकी वळली.

"दार लावा हो, ऊब जाते," ओडेसा म्हणाली. "आत या, साहेब. पुढे या, लाजू नका. पहिल्यांदाच आलात? कुणाला भेटायला?"

"मी... मी कुणाला भेटायला नाही आलो," मर्ल म्हणाला. "मी या वॉर्डाचा प्रतिनिधी आहे."

"अगं बाई! नवे साहेब तुम्हीच का?" ओडेसा काठी टेकत उठली. "म्हणजे माझा पोरगा तुमचा. ए, सरका गं जरा, साहेबांना शेगडीपाशी जागा द्या. साहेब, त्याचा गुडघा सुजलाय, मार्चपासून लिहितोय तो."

"माझ्या भावाचं पत्र लिहून घ्या आधी," दुसरी म्हणाली.

"रांगेनं! रांगेनं!" तिसरी ओरडली. "मतदान कक्ष आहे हा!"

मर्ल मागे वळला, पण दारात एक लेकुरवाळी पोर घेऊन उभी होती. कुणीतरी त्याच्या हातात कागदी पेला दिला. पेला धरायला हात मोकळा हवा, म्हणून त्यानं कुलूप खिशात टाकलं. वीस वर्षांत सभेत दोनदा बोललेला माणूस तो. आता त्याला पन्नासजणी विचारत होत्या आणि त्याच्याकडे खिडकीखेरीज विषय नव्हता. त्यानं एकदा बाहेर बघितलं, आर्डिसला हाक मारण्यासाठी तोंडही उघडलं.

आर्डिस तोवर रस्त्याला लागली होती. डोक्याला रुमाल, दोन्ही हात कोटाच्या खिशात, पाऊल बेतानं टाकत. जोलीन गाडीशी उभी होती. तिनं सोडू का असं विचारलं नाही. खाणीचा रस्ता तिथून सरळ जातो, दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली खुंटं, त्यामुळे चालणारा माणूस बराच वेळ दिसत राहतो. जोलीन बघत होती. लाल दारात पेला धरून मर्ल बघत होता. आणि खोलीच्या एकुलत्या खिडकीच्या काचेवरची वाफ बाहीनं पुसून ओडेसा पेटवे बघत होती, आतली मोजणी जुळून भोंगा वाजला तरी.